वलयाचे पंचांग

ज्या कार्याचा भार एकाच देहाने वाहायचा असतो, त्या कार्याविषयी मत बाळगण्याचा अधिकार मात्र सर्वांना समान असतो, ही आपल्या समाजाची अत्यंत प्राचीन आणि उदार व्यवस्था आहे. या व्यवस्थेमुळेच आजवर कोणत्याही नवविवाहितेला आपण एकट्या आहोत असे कधी वाटलेले नाही.

मुलुंड पूर्वेच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर, परबांच्या घरी श्रुतिका नावाची सून आहे. वय एकतीस, परबांच्या सर्वेशशी लग्न होऊन चार वर्षे. तिला मूल कधी व्हावे, याविषयी ठाम मत असलेल्या व्यक्तींची संख्या गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत सत्तावीस झाली होती. तिची विभागणी अशी : सासर-माहेरचे नातलग चौदा; सोसायटीचे रहिवासी नऊ (पैकी एक भाडेकरू, त्यामुळे त्यांना फक्त मत, मताधिकार नाही); इस्त्रीवाले काशीराम; श्रुतिकेला चौथीत शिकवणाऱ्या बाई; गावच्या देवळाचे गुरव; आणि कणकवलीची एक आत्या, जिने श्रुतिकेला अद्याप पाहिलेले नाही. खुद्द श्रुतिकेचे मत या संख्येत धरलेले नाही. ती घरी उशिरा येत असल्यामुळे ते नोंदवून घ्यायचे राहून गेले.

तिचे मत होते, हे मात्र खरे. श्रुतिका स्थापत्य अभियंता होती आणि भुयारी मार्ग खणणाऱ्या एका कंपनीत गेली सहा वर्षे जमिनीच्या वर बसून जमिनीच्या खालचे नकाशे काढत होती. प्रत्यक्ष भुयारात उतरण्यासाठी तिने चार वेळा अर्ज केला, चार वेळा तो 'विचाराधीन' राहिला. पाचव्या खेपेस तो मंजूर झाला. सोळा जूनपासून दीड वर्ष भुयारातल्या मोजणीचे काम तिच्या हाती येणार होते. त्या कंपनीत हे काम करणारी ती पहिली स्त्री. अट एकच : गर्भवती स्त्रीस भूमिगत कामावर पाठवता येणार नाही. अट रास्त होती. यादीत तिच्यानंतर नितेश नावाचा एक होतकरू अभियंता होता, आणि तो वैद्यकीय कारणांनी अडण्याची शक्यता फारच कमी होती.

आता या घराचे कर्ते पुरुष, श्रीयुत दशरथ सखाराम परब, यांच्याविषयी आदरपूर्वक चार शब्द सांगणे आवश्यक आहे. वडील गिरणीत साचावर उभे राहिले आणि मुलगा संस्कृताच्या वर्गात. या प्रवासाचा परब सरांना रास्त अभिमान होता. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर घराची दोन खाती त्यांच्याकडे आली : पंचांग आणि फ्रीज. पंचांगाच्या जोरावर त्यांनी गेल्या अकरा वर्षांत सोसायटीला चारशे बारा मुहूर्त काढून दिले. वॉशिंग मशीन एकतीस, दुचाकी चोपन्न, रूट कॅनाल सात, बाकी किरकोळ. एकही मुहूर्त चुकला नाही. (जी यंत्रे नंतर बिघडली, ती स्वतःच्या दोषाने बिघडली.) फ्रीजच्या बाबतीत त्यांचा नियम असा की, दर शनिवारी सकाळी प्रत्येक कप्पा रिकामा करून पुसावा आणि प्रत्येक वस्तूची ओळख पटल्यावरच ती परत आत घ्यावी.

अशाच एका शनिवारी, फाल्गुन महिन्यात, दारातल्या बटरच्या कप्प्यात त्यांना एक अनोळखी पाकीट सापडले.

सर मुद्रित मजकूर न वाचता सोडत नसत. भेळेचा कागदही ते दोन्ही बाजूंनी वाचत. पाकिटातले माहितीपत्रक मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत होते. सरांनी भिंग आणले, खुर्ची आणली आणि ओट्याशी बसून त्या ग्रंथाचे आद्योपांत पारायण केले. त्यातून असे निष्पन्न झाले की, पाकिटातली वस्तू म्हणजे दोन इंच व्यासाचे एक मऊ, पारदर्शक वलय असून ते स्त्रीने स्वतःच्या हाताने योनिमार्गात ठेवावयाचे असते. तेथे ते एकवीस दिवस राहून रोज अल्पसे संप्रेरक देत राहते, त्यामुळे गर्भधारणा होत नाही. बाविसाव्या दिवशी ते काढावे, सात दिवस विश्रांती द्यावी, त्यानंतर नवे ठेवावे. विश्रांती सात दिवसांहून अधिक लांबू देऊ नये. न वापरलेली वलये थंड जागी ठेवावीत. मुलुंडमध्ये अशी जागा फ्रीज ही एकच आहे.

योनी हा शब्द सरांनी आयुष्यात हजारो वेळा उच्चारला होता, परंतु तो सदैव चौऱ्यांशी लक्षांच्या संदर्भात. एकवचनात तो प्रथमच समोर आला. त्यांचे कान तापले. त्यांनी पत्रक मिटले, पाकिटात सरकवले, पाकीट जागेवर ठेवले आणि त्या दिवशी फ्रीजचा बटरचा कप्पा सोडून बाकी सर्व कप्पे दोनदा पुसले.

रविवारी सकाळी श्रुतिका चहा टाकत होती. सासूबाई शेवंतीबाई बाजारात गेल्या होत्या.

"बाबा, तुम्ही ते वाचलंत ना?"

"काय?"

"बटरच्या कप्प्यातलं."

"मी केवळ कप्पा पुसला."

"बाबा, मी तो कागद उघडून परत कोंबला तेव्हा त्याची उशी झाली होती. आज बघते तर अगदी कारखान्यातून आल्यासारख्या घड्या. एकूण एक घडी जागेवर! असं या घरात कोण करतं? सर्वेश?"

सर चहाकडे पाहत राहिले. औषधाचे पत्रक मूळ घड्यांवर परत मिटणारा पृथ्वीवरचा बहुधा एकमेव मनुष्य स्वतःच्या सद्गुणामुळे पकडला गेला होता.

"वाचलंत ते बरं झालं," श्रुतिका म्हणाली. "मला एक माणूस हवाच होता. फोनवर आठवण लावली होती, तर मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये माझा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला, नि भुयाराच्या नकाशावर हे एवढ्या अक्षरांत आलं, 'रिंग काढ'. अकरा इंजिनिअर नि एक कन्सल्टंट! भुयाराच्या काँक्रीटच्या कड्यांनाही रिंगच म्हणतात, त्याने विचारलं, हे कुठल्या सेगमेंटबद्दल आहे?"

"अरेरे."

"मग सर्वेशला सांगितलं. तो म्हणाला, टेन्शन नको घेऊ यार, मी आहे ना. तेविसाव्या दिवशी मलाच विचारतो, आज कितवा गं? तुम्ही मात्र म्हणे चौतीस वर्षं घंटेच्या आधी वर्गात असायचात."

"एकदा उशीर झाला होता. वर्ग दुसऱ्या मजल्यावर हलवला होता आणि त्याची सूचना फलकावर..."

"बाबा."

"हो."

"सोळा जूनपर्यंत माझं एकही गणित चुकून चालणार नाही. जमेल का तुम्हाला?"

सरांना गहिवरून आले. निवृत्तीनंतर त्यांच्या वक्तशीरपणावर कोणीही एवढी मोठी जबाबदारी टाकली नव्हती. त्यांनी एकच विनंती केली : या विषयावर तोंडाने काही बोलावे लागू नये. मग दोघांनी मिळून खुणा ठरवल्या. वलय काढण्याच्या दिवशी सर तिच्या डब्याच्या झाकणावर एक लवंग ठेवतील, नवे ठेवण्याच्या दिवशी खडीसाखरेचा खडा. बाकी दिवशी काही नाही. श्रुतिकेने त्यांना पुढची तारीख सांगितली, एकोणीस मार्च, आणि ती निर्धास्त झाली. इंजिनिअर माणूस मोजमाप एकदा विश्वासू हाती सोपवले की पुन्हा तपासत नाही. (भुयारांच्या बाबतीत असे होत नाही, असे ती सांगते.)

सरांनी नवी वही घातली. पहिल्या पानावर 'वलय-धारणा : नियम व कार्यपद्धती' असे शीर्षक दिले. नियम पहिला : गोपनीयता. नियम दुसरा : ज्येष्ठ नागरिकाने स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरली तरी चालेल, पण हे विसरू नये. नियम तिसरा : संशय आल्यास ग्रंथप्रामाण्य मानावे. चौथा नियम लिहिताना त्यांचे लक्ष तारखेकडे गेले. एकोणीस मार्च! त्या दिवशी चैत्र शुद्ध प्रतिपदा होती. साडेतीन मुहूर्तांतला एक पूर्ण मुहूर्त आपण होऊन चालत आला होता, आणि येथूनच परब सरांच्या विद्वत्तेने कामात लक्ष घालण्यास प्रारंभ केला.

या घरात सर्व महत्त्वाच्या गोष्टी तिथीने होत. वाढदिवस तिथीने, श्राद्ध तिथीने, गच्चीची टाकी धुणेदेखील तिथीने. तारीख ही सरांच्या मते सरकारी कामापुरती. तेव्हा एकवीस दिवस म्हणजे शुद्ध प्रतिपदा ते वद्य षष्ठी. शुद्ध पक्षाच्या पंधरा आणि वद्य पक्षाच्या सहा, बेरीज बरोबर एकवीस. पुढे विश्रांती वद्य सप्तमी ते अमावास्या. तिथे मात्र नऊ तिथी निघत होत्या, आणि पत्रकात सात दिवस होते. सरांनी या विसंगतीवर दोन संध्याकाळी विचार केला. परदेशी कंपनीने अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला होता. चंद्राचा महिना तीस तिथींचा. म्हणजे चूक कोणाची, हे उघड होते. त्यांनी कंपनीला उदार मनाने क्षमा केली आणि वहीत तिची दुरुस्ती करून ठेवली. ग्रंथप्रामाण्याच्या नियमाला बाध आला नाही, कारण पंचांग हाही ग्रंथच, आणि तो कंपनीहून जुना.

पाडव्याला खडीसाखर झाली. वद्य षष्ठीला लवंग झाली. अमावास्या उलटून वैशाख लागला त्या सकाळी पुन्हा खडीसाखर झाली. विश्रांतीचे सात दिवस नऊ झाले, हे श्रुतिकेच्या ध्यानात आले नाही, कारण त्या आठवड्यात ती बारा-बारा तास भुयाराच्या तोंडाशी उभी होती. वैशाख वद्य षष्ठीला दुसरी लवंग झाली. कार्यक्षमता शंभर टक्के. सरांनी वहीत तांबड्या शाईने 'उत्तम' असा शेरा स्वतःच दिला.

त्यानंतर अमावास्या आली, गेली, आणि पंचांगाचे पान उलटताच सरांच्या हातातला खडीसाखरेचा खडा हवेतच थांबला. यंदा ज्येष्ठ अधिक होता.

अधिक महिन्यात काय करू नये, याची यादी लहान पोरही सांगेल : विवाह, मुंज, गृहप्रवेश, नवे वस्त्र, नवे अलंकार, नवे काहीही धारण करू नये. यादीत वलयाचा उल्लेख नव्हता, परंतु यादीकर्त्या ऋषींना वलय ठाऊक नव्हते आणि 'नवे काहीही' या शब्दांत ते सामावत होते. सरांनी खडा परत बरणीत टाकला. वहीत लिहिले : 'मलमासानिमित्त कार्य स्थगित. पुनरारंभ निज ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा.' म्हणजे नेमका सोळा जून. योगायोगाने सर प्रसन्न झाले. सुनेच्या नव्या कामाचा आणि नव्या वलयाचा मुहूर्त एकच!

त्याच शनिवार-रविवारी सर्वेश आणि श्रुतिका दोन दिवस नागावला समुद्रावर जाऊन आली. तिला चार महिन्यांत पहिलीच सुटी मिळाली होती. आली तेव्हा दोघे हसत होती, आणि सरांना ते पाहून बरे वाटले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी नाश्त्याला पोहे होते. श्रुतिकेने डबा उचलला, झाकणाकडे पाहिले आणि थांबली.

"बाबा, घरातली खडीसाखर संपली का?"

"नाही. बरणी भरलेली आहे."

"मग?"

"अधिक महिना लागला," सर शांतपणे म्हणाले. एवढ्या शिकलेल्या मुलीला हे सांगावे लागते, याचे त्यांना किंचित आश्चर्य वाटले.

श्रुतिकेने डबा खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे या महिन्यात नवे काही धारण..."

"बाबा! वही आणा."

वही आली. श्रुतिकेने पाने उलटली. शुद्ध, वद्य, षष्ठी, नऊ तिथी, कंपनीची चूक, तांबडा शेरा. तिने बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला तसा समोर बसलेल्या सर्वेशच्या हातातला पोह्यांचा चमचाही उतरत गेला.

"चौदा दिवस," ती म्हणाली. "सातच्या जागी चौदा. बाबा, तुम्ही माझं शरीर पंचांगावर चालवत होतात?"

"मी अत्यंत काळजीपूर्वक..."

"नागाव," सर्वेश पुटपुटला.

"तू गप रे! तुला तर काही बोलायचा अधिकारच नाही. तेविसावा दिवस!"

"वाट लागली," सर्वेश म्हणाला. त्या दिवसापुरते घरातले सर्वांत अचूक विधान त्याचेच ठरले.

श्रुतिका ओरडली नाही. ओरडली असती तर सरांना बरे वाटले असते. ती खुर्चीवर बसली, दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले आणि अगदी हळू म्हणाली, "चार वेळा नाही म्हणाले होते, बाबा. चार वेळा."

चौतीस वर्षे घंटेच्या आधी हजर राहिलेल्या मनुष्याला त्या क्षणी कळले की, वेळेवर असणे आणि बरोबर असणे ही दोन भिन्न खाती आहेत.

त्याच दिवशी ती डॉक्टर नलिनी साळवींकडे गेली. सरांनी बरोबर येण्याचा हट्ट धरला. चूक ज्याची, त्याने ती स्वमुखाने सांगावी, अशी त्यांची धारणा होती. दवाखान्यात अठरा स्त्रिया आणि परब सर बसले होते. श्रुतिका आत गेली, आणि थोड्या वेळाने डॉक्टरांनी सरांनाही बोलावले.

"पेशंटचे कोण आपण?"

"अपराधी," सर म्हणाले आणि त्यांनी वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी वही पाहिली, मग सरांकडे पाहिले, आणि चष्मा काढला. "परब सर! ओळखलंत? दहावी ब. तुम्ही आम्हाला काव्य शिकवायचात नि मधेच म्हणायचात, पुढचे तीन श्लोक परीक्षेला नाहीत."

"नव्हते ते परीक्षेला," सर क्षीण स्वरात म्हणाले.

"माझ्या परीक्षेला आले ना सर. मेडिकलला." डॉक्टरांनी पाने उलटली. अक्षर सुंदर असल्याची दखल घेतली. "सर, हे वलय सात दिवसांच्या वर बाहेर राहिलं की शरीर आपल्या मूळ कामाला लागतं. शरीराला तिथी कळत नाही."

"समुद्राला कळते," सर नकळत बोलून गेले. वादात प्रतिपक्षाला उत्तर देण्याची सवय जुनी होती.

"मग समुद्राची वही ठेवा. हिची नको." मग त्या श्रुतिकेकडे वळल्या. तातडीच्या गोळीची वेळ टळून गेली होती. नवे वलय आजच ठेवायचे, सात दिवस दुसरी खबरदारीही घ्यायची, आणि निश्चित कळायला तीन आठवडे थांबायचे. "आत्ता तपासून काही दिसणार नाही. बारा जूनला ये."

बारा जून. सोळाच्या चार दिवस आधी.

ते तीन आठवडे परबांच्या घराने मोठ्या शिस्तीत काढले. कोणी आवाज चढवला नाही. श्रुतिका कामावर जात होती, येत होती, सासऱ्यांना "चहा घेता का" असे विचारत होती, आणि तेवढेच विचारत होती. फ्रीजची साफसफाई चालू राहिली. बटरच्या कप्प्याला मात्र सरांनी हात लावणे बंद केले. सोसायटीतून चंद्रप्रकाश नावाचे सभासद नव्या गिझरचा मुहूर्त विचारायला आले, तेव्हा सर म्हणाले, "पाणी तापले की तो मुहूर्त." हे उत्तर सोसायटीत बरेच दिवस चर्चिले गेले.

सरांची खरी अडचण देव्हाऱ्यात होती. तेथे रांगता बाळकृष्ण होता. अधिक महिना म्हणून शेवंतीबाई रोज त्याच्यापुढे तेहतीस वाती लावून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत बराच वेळ काही मागत. काय मागत असतील, हे विचारण्याची गरज नव्हती; सोसायटीतल्या बायकांना त्या चार वर्षे "होयत, होयत, देवाक काळजी" असे सांगत आल्या होत्या. आणि त्यांचे आटोपले की त्याच जागी, त्याच वातींपुढे सर बसत आणि उलट मागणे मागत. एकाच कार्यालयात, एकाच पत्त्यावरून, एकाच खिडकीवर परस्परविरोधी दोन अर्ज रोज दाखल होत होते. निर्णय देणारा अधिकारी स्वतःच वर्षाच्या आतला. त्याच्यापुढे बसून 'बालक नको' असे म्हणताना सरांची जीभ अडखळे.

कारण सरांनाही नातवंड हवे होते. हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या मांडीवर बसून एखाद्याने 'राम' शब्दाची सात विभक्त्यांची घोकंपट्टी करावी, हे चित्र त्यांनी चार वर्षे जपले होते. आता त्यांना कळले की, ते चित्र काढताना मांडीखेरीज दुसऱ्या कोणाचे शरीर लागते, हे आपण कधी विचारातच घेतले नव्हते. ते रोज मागत, "हिला जाऊ दे." आणि उठताना गुडघ्यांवर हात टेकून थोडे थांबत.

दहा जूनला संध्याकाळी त्यांच्याने राहवले नाही. शेवंतीबाई वाती वळत होत्या.

"अगं," सर म्हणाले, "तू देवाजवळ जे मागतेस ते या महिन्यापुरतं थांबवशील का? पुढे कधीही माग. मी कारण सांगू शकत नाही."

"कारण माका ठावक आसा," शेवंतीबाई वातीवरून नजर न काढता म्हणाल्या.

"कसं?"

"बटराच्या कप्प्यात चार वर्सां बटर नाय. या घरात पोळ्यो मी लाटतंय, डबे मी भरतंय, नि डब्यावर लवंग कोणी ठेवली ता माका दिसाचा नाय? तुमका वाटता तुमी एकटेच वाचतास."

"मग तू रोज मागतेस काय?"

"तुमी मागतास ताच. ह्या चेडवाक जमिनीखाली जावंदे, म्हणतंय. कायेक जणींका घरात ऱ्हवानच जमिनीखाली जावचा लागता. ही पगार घेवन जातली."

परस्परविरोधी नव्हते तर. एकाच अर्जाच्या दोन प्रती होत्या. सरांना इतके हलके वाटले की ते जमिनीवर बसले, आणि बसल्यावर त्यांना एक शंका आली. शंका येणे हा विद्वानांचा दोष आहे.

"पण तुला या गोष्टीतलं काय कळतं?"

शेवंतीबाईंनी वात खाली ठेवली. "सर्वेश दोन वर्साचो होतो. तुमची आये म्हणा होती, आजून एक झील होवंदे. तुमी पण म्हणा होतास. मी दवाखान्यात जावन तांबी बसवन इलंय. तीनदा बदललंय. नव वर्सां."

सरांना ती नऊ वर्षे स्पष्ट आठवत होती. त्या नऊ वर्षांत त्यांनी दुसऱ्या अपत्यासाठी संतानगोपाळ मंत्राचा सव्वा लक्ष जप केला होता. फळ आले नाही, तेव्हा आपल्या उच्चारातच एखादा महाप्राण सैल पडत असावा, असा निष्कर्ष काढून पुढची तीन वर्षे पहाटे केवळ ख, घ, छ, झ यांचा अभ्यास केला होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. आणि हे सर्व चालू असताना शेवंतीबाई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तांब्याच्या एवढ्याशा तुकड्याने सव्वा लक्ष मंत्र अडवून धरले होते, आणि तेही आवाज न करता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगलंय असतंय तर तुमी मुहूर्त काढलो असतो," शेवंतीबाई म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

बारा जूनला श्रुतिका एकटीच दवाखान्यात गेली. सर जिन्यात उभे राहिले. खालून ती येताना दिसली तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. विचारण्याचा हक्क आपण गमावला आहे, हे त्यांना मान्य होते. ती तिसऱ्या मजल्यावर पोचली, त्यांच्यापुढे थांबली आणि म्हणाली, "नाहीये."

"बरं झालं," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यात आनंदाचा भाग किती आणि उरलेल्याचा किती, हे त्यांनी मोजले नाही. मोजण्यावरचा त्यांचा विश्वास कमी झाला होता.

"बाबा, मी खूप चिडले होते."

"चिडायलाच हवं होतं."

"अजून थोडी चिडलेय."

"ते निज महिन्यातही चालू ठेवायला हरकत नाही," सर म्हणाले, आणि तीन आठवड्यांनी श्रुतिका प्रथमच हसली.

त्याच दुपारी सरांनी लेखी राजीनामा दिला. 'प्रस्तुत कार्यास आवश्यक असलेले अज्ञान माझ्या अंगी नसल्याने मी हे पद सोडत आहे', असे त्याचे पहिले वाक्य होते. पुढची व्यवस्था काय करावी यावर घरात बैठक बसली, तेव्हा सर्वेशने श्रुतिकेचा फोन हातात घेतला आणि आठवणीतला मजकूर पडद्यावर दिसू नये, फक्त बारीकसा थरकाप व्हावा, अशी सोय एका मिनिटात शोधून काढली. ती सोय फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. या शोधानंतर काही काळ कोणीच कोणाकडे पाहिले नाही.

सोळा तारखेला सकाळी श्रुतिका पिवळे शिरस्त्राण काखेत धरून निघाली. शेवंतीबाईंनी तिच्या हातावर दही ठेवले. जिन्यात तिला कणकवलीच्या आत्याचा फोन आला. त्या गोड बातमीविषयी विचारत होत्या. "आहे ना आत्या," श्रुतिका म्हणाली, "मी खाली चाललेय," आणि तिने फोन ठेवून दिला.

काही सुसंस्कृत वाचकांना या कथेचा विषय अशोभनीय वाटला असेल. चारचौघांत ज्याचा उच्चार करू नये अशा अवयवाची एवढी चर्चा छापील पानावर कशाला, असा त्यांचा प्रश्न असेल, आणि तो योग्य आहे. त्यांनी फक्त गेल्या लग्नसमारंभाचे स्मरण करावे. तेथे हातात जिलबीची वाटी घेऊन, भर पंगतीत, दुसऱ्याच्या सुनेला आपण हसत हसत विचारले होते, "काय मग, गोड बातमी कधी?" तेव्हा आपण तिच्या नेमक्या कोणत्या अवयवाची चौकशी करत होतो, याचा शांतपणे विचार करावा. ती काय बोलली, तेही आठवून पाहावे. ती काहीच बोलली नव्हती. ती फक्त हसली होती, आणि आपण तिच्या पानात आणखी एक जिलबी वाढली होती.

जी भुयारात उतरली, तिच्या पायांखालची भूमी स्थिर राहो. जी वर तेहतीस वाती वळते, तिच्या बोटांना विश्रांती मिळो. जो चुकला, त्याला आणखी एकदा विश्वासाने काही सोपवणारे कोणी भेटो. आणि जे अद्याप आलेले नाही, ते जेव्हा बोलावले जाईल, तेव्हाच येवो. आणि आले, तर हसतमुख येवो.